नवऱ्याचा ओटीपी

कृष्णाकाठ | १२ नोव्हेंबर २०२५, रात्री ९.४०

सकाळी मेथी निवडत बसले होते, तेवढ्यात मावशी आल्या. गेली अकरा वर्षं त्या आमच्याकडे धुणंभांडी करतात. मूळच्या जत तालुक्यातल्या, इथे मिरजेत भाड्याच्या खोलीत राहतात. आल्या त्या पदराची गाठ सोडून एक चिठ्ठी काढली आणि माझ्यापुढे धरली. "ताई, ह्यो नंबर लावून द्या जरा. माझ्या फोनवरनं त्यो उचलत न्हाई."

नंबर नवऱ्याचा होता. एकोणीस वर्षांपूर्वी दोन मुलींसकट यांना सोडून तो गेला, इचलकरंजीत दुसरं घर केलं. तेव्हापासून मावशींनी त्याला एकदाही फोन केलेला नव्हता. थोरलीच्या लग्नाचं आमंत्रणसुद्धा दिलं नव्हतं. आज फोन करायचा होता तो लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीसाठी. आधी बाईचा आधार नंबर टाकायचा, त्यावर आलेला ओटीपी टाकायचा. मग पतीचा किंवा वडिलांचा आधार नंबर, आणि त्यांच्या मोबाइलवर गेलेला ओटीपी. मुदत १८ नोव्हेंबर. मावशींचे वडील जाऊन तीस वर्षं झाली. राहिला नवरा.

लावून दिला. स्पीकरवर होता म्हणून मीही ऐकलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सांगतो की. पर निम्मे मला. दर म्हैन्याला."

मावशींनी माझ्या हातातून फोन घेऊन बंद केला. भांडी घासली, ओटा पुसला, बादलीतलं पाणी झाडांना घातलं. जाताना दारात थांबून म्हणाल्या, "एकुनीस वर्सं मी कुनाचीच न्हवते, तवा काय अडलं न्हाई. आता सरकार इचारतंय, कुनाची म्हनून."

दिवसभर हे वाक्य डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा.

२८ जून २०२४ चा शासन निर्णय मी संध्याकाळी परत काढून वाचला. पात्र कोण, तर विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता आणि निराधार महिला. 'परित्यक्ता' हा शब्द त्यात चक्क लिहिलेला आहे. कागद लिहिणाऱ्याला मावशी दिसत होत्या, पोर्टल बांधणाऱ्याला दिसल्या नाहीत. आणि त्या वर्षी ऑगस्टमध्ये, राखीपौर्णिमेच्या तोंडावर, जुलै-ऑगस्टचे मिळून तीन हजार खात्यात आले तेव्हा नवऱ्याचा आधार कोणी मागितला नव्हता. २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान झालं. प्रचारात १५०० चे २१०० करू असं सांगितलं होतं. ते झाले नाहीत, पण पडताळणी मात्र झाली. मतदानाआधी जिच्यावर विश्वास ठेवला, तिच्यावर मतदानानंतर संशय घ्यायचा, हे मला अन्यायाचं वाटतं.

याच राज्याने १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव बंधनकारक केलं. तो निर्णय आला तेव्हा मी मावशींना मुद्दाम वाचून दाखवला होता. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. मावशी जतला जातात तेव्हा कंडक्टर तिकीट फाडून हातात देतो, नवरा कुठे असतो हे विचारत नाही. म्हणजे बाईला एकटी धरून व्यवहार करणं सरकारला जमतं.

कोणाच्या ओळखीत परित्यक्ता बाईची ई-केवायसी झाली आहे का? झाली असेल तर कशी, ते कृपया लिहा.

घाटमाथा | १३ नोव्हेंबर, सकाळी ८.१५

ताई, प्रसंग वाचून वाईट वाटलं. तो माणूस नालायक आहे यात वाद नाही. पण पडताळणीच नको, हे मला मान्य नाही. यंदाच्या अर्थसंकल्पात या एका योजनेला ३६,००० कोटी आहेत. जुलैमध्ये सरकारनेच सांगितलं की २६ लाखांहून जास्त खाती अपात्र वाटल्याने थांबवली, आणि १४ हजारांवर पुरुषांनी पैसे उचलले. हा आपल्या सगळ्यांचा पैसा आहे. कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं अशी अट असेल, तर नवऱ्याचं उत्पन्न बघणारच ना? त्याशिवाय बघणार तरी कसं?

कृष्णाकाठ | १३ नोव्हेंबर, दुपारी १.०५

घाटमाथा, पडताळणी नको असं मी म्हटलेलं नाही. ते पुरुष कोणी शोधून काढले असतील तर चांगलंच झालं. माझा प्रश्न 'कुटुंब' या शब्दाचा आहे. ज्या माणसाच्या कमाईतला एक रुपया एकोणीस वर्षांत त्या खोलीत आला नाही, त्याचं उत्पन्न मावशींच्या कुटुंबाचं कसं धरायचं? त्यांचं केशरी रेशनकार्ड आहे, त्यावर त्या आणि धाकटी. २०२४ मध्ये पिवळ्या आणि केशरी कार्डवाल्यांना उत्पन्नाचा दाखला माफ होता, म्हणजे सरकारने तेव्हा रेशनकार्ड हाच पुरावा धरला होता. तो आता का चालत नाही?

आणि ओटीपीने उत्पन्न कळत नाही. ओटीपी म्हणजे त्या माणसाची संमती. मावशींचा हक्क त्याच्या बोटावर ठेवला, म्हणून त्याला निम्मे मागता आले.

सेविका | १४ नोव्हेंबर, रात्री ११.५०

मी अंगणवाडी सेविका आहे. जिल्हा सांगत नाही. रोज वाचते, लिहीत कधी नाही, आज लिहिते.

ताई, तुमच्या मावशींसारख्या माझ्या एका वस्तीत सतरा बायका आहेत. मोजल्या म्हणून आकडा सांगते. त्यातल्या सहांचे नवरे कुठे आहेत हेच माहीत नाही. एकीला नवऱ्याने सांगितलं, आधी पोटगीची केस मागे घे, मग ओटीपी देतो. एकीने सासूच्या पाया पडून नंबर आणला, तर तो आधारला जोडलेला नव्हताच.

चांगला संसार असलेल्यांचेही हाल आहेत. आमच्याकडच्या जोड्या ऊसतोडीला कर्नाटकात गेल्यात. आधारला जोडलेलं सिम दोन फोनांपूर्वीचं. नवं सिम जोडायला तालुक्याला जायचं, म्हणजे एक दिवसाचा कोयता बुडाला. मुकादमाने उचल दिलेली असते, तो सोडत नाही. वेबसाइट दिवसा फिरत राहते, रात्री एक-दीडला चालते. मी उशाशी फोन ठेवून झोपते. ओटीपी मागायला रात्री दोनला कोणाला उठवायचं?

२०२४ ला अर्ज आम्हीच भरले. अर्जामागे ५० रुपये सांगितले होते, त्याबद्दल आज नको. बायका शिव्या मला देतात. 'बाई, तुम्हीच नाव काढलं असंल' म्हणतात. पोर्टलला तोंड नाही, मला आहे.

काळी माती | १५ नोव्हेंबर, सकाळी ७.३०

परांडा तालुक्यातून लिहितोय. सप्टेंबरात सीना नदीचं पाणी घरात छातीएवढं होतं. कागद गेले, फोन गेले, जनावरं गेली. पंचनाम्याला आधार, बँकेला आधार, बहिणीच्या पैशाला दोन आधार. आमच्या घरातल्या तीन बायकांचं मिळून ४५०० येत होतं. त्या दिवसांत घरात दुसरा पैसा नव्हताच, त्याच पैशातून गव्हाचं पीठ आणि गॅसची टाकी आणली. ज्यांना ही रेवडी वाटते त्यांनी सप्टेंबरात इकडे यायला हवं होतं. घाटमाथा, तुमच्यावर राग नाही, पण हे सांगावंसं वाटलं.

वसतिगृह खोली १४ | १६ नोव्हेंबर, संध्याकाळी ६.२०

वेगळा मुद्दा मांडतो. माझी आईही लाभार्थी आहे. १५०० पहिल्यांदा आले तेव्हा तिने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावाचं पासबुक भरून आणलं आणि मला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला. त्या फोटोबद्दल कोणी वाईट बोललं तर मी भांडेन.

पण हे पैसे येतात कुठून? मे २०२५ मध्ये याच योजनेसाठी सामाजिक न्याय विभागाचे ४१०.३० कोटी आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५.७० कोटी वळवले. सामाजिक न्याय खात्याचे मंत्री संजय शिरसाट यांनी स्वतः जाहीर नाराजी व्यक्त केली. तो निधी अनुसूचित जाती-जमातींच्या शिक्षणाचा, वसतिगृहांचा, वस्त्यांचा. माझ्या भावाचा निर्वाह भत्ता सात महिने थकलाय. तो मेसचं देणं आईच्या १५०० मधून भागवतो. आईच्या हातात ठेवलेले पैसे अशा वाटेने परत जातात. अनुसूचित जातींच्या बायकाही लाभार्थी आहेतच, म्हणून त्यांच्या वाट्याचा निधी तिकडे दाखवला तर काय बिघडलं, असं उत्तर मिळतं. सर्वांसाठीची योजना सर्वांच्या तिजोरीतून चालवा. दलित-आदिवासींचा निधी त्यांनी मागून, लढून मिळवलेला आहे, त्याला हात लावू नका.

कृष्णाकाठ | १६ नोव्हेंबर, रात्री ९.१०

खोली १४, या बाजूने मी विचारच केला नव्हता. दोनदा वाचलं. तुमच्या आईंच्या पासबुकाबद्दल वाचून डोळे भरून आले आणि पुढचा परिच्छेद वाचून लाज वाटली, कारण ही बातमी मे महिन्यात वाचून मी पान उलटलं होतं.

वकिलीण | १८ नोव्हेंबर, दुपारी ३.३०

मुदत वाढली आहे, ३१ डिसेंबरपर्यंत. त्याबरोबर एक सोयही दिली आहे. ज्यांचे पती किंवा वडील हयात नाहीत किंवा ज्यांचा घटस्फोट झालाय, त्यांनी स्वतःची ई-केवायसी करायची आणि पतीचं वा वडिलांचं मृत्यू प्रमाणपत्र, घटस्फोटाचं प्रमाणपत्र किंवा न्यायालयाच्या आदेशाची प्रत अंगणवाडी सेविकेकडे द्यायची. हे चांगलं झालं आणि हे आधीच व्हायला हवं होतं.

पण मावशी यातही बसत नाहीत. मृत्यूचा दाखला असतो, घटस्फोटाचा हुकूमनामा असतो, टाकून दिल्याचा कागद कुठेच मिळत नाही. टाकण्याला तारीख नसते. एक दिवस तो येत नाही, दुसऱ्या दिवशी येत नाही, आणि काही वर्षांनी बाईला कळतं की आपण परित्यक्ता झालो. मी जिल्हा न्यायालयात बावीस वर्षं काम करते. अशा बायकांपैकी फार थोड्या पोटगी मागायला येतात. आल्या तर पूर्वीचं कलम १२५, आता १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४. तिथे पोटगीचा आदेश मिळाला असेल तर 'न्यायालयाचा आदेश' म्हणून तो जरूर जोडा. मावशींनी केस केलीच नसेल तर आता पंधराशेसाठी खटला उभा करा, असं मी सांगणार नाही.

हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. १९८८ मध्ये संगमनेरला परित्यक्तांची परिषद झाली. आमच्या आधीच्या पिढीतल्या कार्यकर्त्या तेव्हा रेशनकार्ड मागत होत्या, कारण नवऱ्याच्या कार्डावरचं नाव निघत नव्हतं आणि स्वतःचं कार्ड मिळत नव्हतं. किती वर्षांची लढाई होती ती! मावशींकडे आज स्वतःचं केशरी कार्ड आहे, त्यामागे त्या बायका आहेत. आता रेशनकार्डाच्या जागी ओटीपी आला.

कायद्याचं थोडं. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपण हा मूलभूत हक्क मानला. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात बहुमताने सरकारी अनुदानासाठी आधार मागायला मान्यता दिली, न्या. चंद्रचूड यांचं मत वेगळं होतं. तो निकाल धरला तरी माझी ओळख पटवायला माझा आधार मागणं वेगळं, आणि माझा हक्क दुसऱ्या माणसाच्या मोबाइलवर टांगून ठेवणं वेगळं. याला आव्हान द्यायला हवं असं माझं स्पष्ट मत आहे.

कृष्णाकाठ, सध्या एवढं करा: स्वतंत्र रेशनकार्ड, घरमालकाचं पत्र, मुलींच्या शाळेचे दाखले, आणि शेजारच्या पाच जणांच्या सह्यांचा पंचनामा. स्थानिक नगरसेवकाचा दाखला मिळाला तर उत्तम. सगळ्याची झेरॉक्स ठेवा आणि एका प्रतीवर पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय उठू नका.

इडली नको पोहे हवेत | १८ नोव्हेंबर, रात्री १०.००

चेन्नईत राहते. इथे १५ सप्टेंबर २०२३ पासून कुटुंबप्रमुख बाईला महिना हजार रुपये मिळतात. योजनेच्या नावात 'उरिमै' हा शब्द आहे, त्याचा अर्थ हक्क. कुटुंब चालवणाऱ्या अविवाहित, विधवा आणि पारलिंगी बायकांनाही प्रमुख धरलंय. इथेही अटी आहेत, नाकारल्याच्या तक्रारी आहेत, सगळं गोड नाही. पण आमच्या कामवाल्या अक्का 'माझे उरिमैचे पैसे आले' म्हणतात, तेव्हा कानाला वेगळं लागतं. बहीण म्हटलं की भाऊ देतो आणि भाऊ काढून घेतो.

घाटमाथा | १९ नोव्हेंबर, सकाळी ८.४०

सगळं वाचलं. योजनेच्या खर्चाबद्दल माझं मत बदललेलं नाही. राज्यावर कर्ज वाढतंय आणि निवडणुकीच्या तोंडावर वाटलेले पैसे मला मान्य नाहीत, पक्ष कुठलाही असो. पण 'कुटुंब' या मुद्द्यावर मी चुकलो होतो. वेगळी राहणारी बाई म्हणजे वेगळं कुटुंब, हे पडताळायला रेशनकार्ड पुरे आहे. सेविकाताईंनी लिहिलेली पोटगीच्या केसची गोष्ट तर मला झोपू देईना. सरकारनेच नवऱ्याच्या हातात चाबूक दिल्यासारखं झालं.

कृष्णाकाठ | २८ डिसेंबर, दुपारी ४.००

खूप दिवसांनी लिहितेय, क्षमा असावी.

वकिलीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे कागद जमवायला घेतले. नगरसेवकाचा दाखला मिळाला नाही, कारण नगरसेवकच नाहीत. आमच्या महापालिकेवर ऑगस्ट २०२३ पासून प्रशासक आहे. राज्यातल्या महापालिकांच्या निवडणुका वर्षानुवर्षं लटकलेल्या होत्या, शेवटी ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला तेव्हा हालचाल झाली. आता १५ जानेवारीला मतदान आहे. पेपरात हे वाचताना 'लोकशाहीचा प्रश्न' एवढंच वाटायचं. मावशींसोबत कार्यालयाच्या बाकावर दीड तास बसल्यावर कळलं की नगरसेवक नसणं म्हणजे सही करणारा ओळखीचा माणूस नसणं.

पंचनामा मात्र झाला. मी कागदावर मजकूर लिहून दिला, मावशींनी शेजाऱ्यांना वाचून घ्यायला लावला. समोरच्या दर्ग्याजवळ फुलं विकणाऱ्या चाची, घरमालक, किराणा दुकानवाले, मागच्या खोलीतली नर्सिंगची विद्यार्थिनी, आणि पाचवी सही मावशींच्या सख्ख्या नणंदेची. नणंद इचलकरंजीहून एसटीने आली. "माझा भाऊ यांना नांदवत न्हाई, हे मी डोळ्यानं बघितलंय" असं स्वतःच्या हाताने लिहिलं आणि जेवून परत गेली. भावाला कळलं तर काय होईल, असं मी विचारलं. म्हणाली, "कळंल की. कळू दे."

मुलींच्या शाळेच्या जुन्या रजिस्टरात पालक म्हणून आईचं नाव आहे. त्या काळच्या मुख्याध्यापकांनी न भांडता लिहिलेलं. त्याचा उतारा मिळाला.

ई-केवायसी झाली, कागद सेविकेकडे दिले, पोच घेतली.

सेविका | २८ डिसेंबर, रात्री १०.३०

ताई, फॉर्मच्या शेवटी एक प्रश्न असतो, तिथे काय दाबलं? घरातलं कोणी सरकारी नोकरीत नाही, पेन्शन घेत नाही, असं वाक्य आहे आणि खाली हो/नाही. आमच्या बायका 'नोकरीत नाही ना, मग नाही' म्हणून 'नाही' दाबतात. त्याचा अर्थ उलटा होतो. 'हो' दाबायचं असतं. माझ्याकडच्या कितीतरी चुकल्यात, आता दुरुस्त होत नाहीये.

कृष्णाकाठ | २८ डिसेंबर, रात्री ११.१५

'नाही' दाबलं. मीच दाबलं. एम.ए. मराठी आहे मी. वाक्य दोनदा वाचून दाबलं. मावशींनी विचारलं होतं, "बरोबर हाय न्हवं?" आणि मी हो म्हटलं.

वकिलीण | २९ डिसेंबर, सकाळी ९.००

स्वतःला दोष देऊ नका. नकारार्थी विधानाखाली हो-नाही ठेवणं ही फॉर्म करणाऱ्याची चूक आहे. आजच लेखी अर्ज द्या की उत्तर चुकून भरलं गेलं. पोच घ्या.

कृष्णाकाठ | २४ जानेवारी २०२६, संध्याकाळी ७.२०

मावशींचा हप्ता आलेला नाही. अशा चुकलेल्या उत्तरांमुळे पुष्कळ बायकांचे पैसे अडकलेत आणि आता सेविकांनी घरी जाऊन प्रत्यक्ष पडताळणी करायची, असं ठरलंय. म्हणजे पुन्हा सगळा भार सेविकाताईंसारख्यांवरच. घरी जाऊन बघणं हे पहिल्याच दिवशी केलं असतं, तर त्या माणसाला फोन करावा लागला नसता.

१५ तारखेला मावशींनी मतदान केलं. मतदार यादीत त्यांच्या नावाखाली अजून त्याचंच नाव छापलेलं आहे. शाई लावताना त्यांनी ते वाचून घेतलं आणि बाहेर आल्यावर मला विचारलं, "ह्ये पण बदलता येतंय का?" मी सांगितलं, बघू. वकिलीणबाई, त्याचा फॉर्म कुठला ते सांगाल का?

सेविका सोमवारी सकाळी येणार आहेत. मावशींची आमच्याकडची वेळ तीच असते. भांडी मी घासते, तुम्ही घरी थांबा, असं सांगितलंय. त्यांनी ट्रंकेतून मुलींचे दाखले काढून प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवलेत.

सेविका | २४ जानेवारी, रात्री ११.४०

घरभाड्याची पावती असेल तर तीही ठेवा म्हणावं. आणि नणंदेचा नंबर. मी असते तर तिलाच पहिला फोन लावला असता.